कंपनीचा पगार, कंपनीचा वास

२००९ च्या डिसेंबरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. परीक्षा उलटी होती, जितके गुण जास्त तितकी बदनामी मोठी. हवा, पाणी आणि जमीन मिळून शंभरपैकी सत्तरच्या वर गेलेला पट्टा अतिप्रदूषित. असे ४३ पट्टे निघाले आणि त्यांत महाराष्ट्रातले पाच होते. चंद्रपूर ८३.८८, डोंबिवली ७८.४१, औरंगाबाद ७७.४४, नवी मुंबई ७३.७७ आणि तारापूर ७२.०१. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे राज्यात तिसरं. चेंबूरची एवढी ख्याती, पण तेही सत्तरच्या आत राहिलं होतं.

पुढच्याच महिन्यात, १३ जानेवारी २०१० ला, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं या पट्ट्यांतल्या नव्या आणि वाढीव प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या रोखल्या. शहरात तेव्हा जी काही चर्चा झाली, ती ‘आता गुंतवणूक दुसरीकडे जाणार’ या सुरातली होती. कृती आराखडा आला, बंदी उठली, आकडा कागदात गेला. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यातल्या बजाजनगरच्या चौकात आज कुणाला ७७.४४ म्हणजे काय विचारलं, तर पेट्रोलच्या दशकभरापूर्वीच्या भावाचा अंदाज बांधला जाईल.

आणि याच शहरात, आठ वर्षांनी, १६ फेब्रुवारी २०१८ ला नारेगाव, मांडकी, गोपाळपूर, पिसादेवी या भागातल्या लोकांनी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि त्या पुन्हा नारेगावच्या कचराडेपोत जाऊ दिल्या नाहीत. सबंध शहर आठवडेच्या आठवडे कचऱ्यात बसलं. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं, पालिका आयुक्तांची बदली झाली.

माणसं त्याच शहरातली. मग एका जागी इतका ठाम नकार, आणि दुसरीकडे तीस-चाळीस वर्षं फक्त कुजबुज, असं का? कायदा, मंडळाचं मनुष्यबळ, राजकारण ही नेहमीची उत्तरं आहेत आणि ती खोटी नाहीत. पण माझ्या मते मूळ गोष्ट घराच्या आत आहे. वाळूजमध्ये ज्या घरात वास येतो, त्याच घरातला एक जण तो वास सोडणाऱ्या कंपनीतली शिफ्ट करून आलेला असतो.

वाळूज कसं घडलं हे पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. शहरात आधी रेल्वे स्टेशनजवळची छोटी वसाहत आली, मग जालना रोडवरचं चिकलठाणा. या दोन्हींच्या आणि घरांच्या मध्ये तेव्हा मोकळं रान होतं. ऐंशीच्या दशकात वाळूज उभं राहिलं. ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि मराठवाड्याच्या तरुणाला पहिल्यांदा पुण्या-मुंबईला न जाता कंपनीत जाता येऊ लागलं. ‘मुलगा बजाजला आहे’ या एका वाक्यावर लग्नं जमायची. मोठ्या कंपनीमागून तिला सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान कंपन्या आल्या. प्लेटिंगवाले, पेंटशॉपवाले, फाउंड्रीवाले, रबरवाले. औषधांच्या कंपन्या आल्या, बिअरच्या आल्या.

कामगार राहणार कुठे, याचं उत्तर मात्र कोणी आधी शोधलं नव्हतं. बजाजनगरचा निवासी पट्टा आखला गेला, सिडकोनं वाळूज महानगर घोषित केलं. पण ज्याचा पगार ठेकेदाराच्या हातून येतो त्याला त्या दरात घर कुठून परवडणार? तो गेला रांजणगाव शेणपुंजीत, जोगेश्वरीत, कमळापुरात, घाणेगावात, वडगाव कोल्हाटीत. शेतकऱ्यानं गट नंबरातले गुंठे पाडून विकले, कुणी दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ बांधली. एकेक खोलीत बीड, परभणी, बुलडाणा, बिहार, उत्तर प्रदेश राहू लागलं. नावाला ग्रामपंचायत, लोकसंख्येनं तालुक्याचं गाव.

गुंठेवारीचा एक परिणाम असा, की तक्रार करायला जाणाऱ्याच्या स्वतःच्याच घराला धड कागद नसतो. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून नव्या घरांनाही नियमित व्हायची सोय झाली, तरी अजून कितीतरी घरं मधल्यामध्ये आहेत. सरकारी कार्यालयात ‘आमच्या घरामागच्या नाल्यात केमिकलचं पाणी येतं’ असं लिहून दिलं, की समोरून पहिला प्रश्न येऊ शकतो, घर कुठल्या परवानगीनं बांधलं? कंपनीचं संमतीपत्र तपासायला गेलेला माणूस स्वतःच्या सातबाऱ्याची काळजी घेऊन परत येतो.

‘रात्रीचं सोडतात.’ औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत हे वाक्य ऐकू येतं आणि त्याला जोडून दुसरं, ‘पाऊस आला की सोडतात.’ दोन्हींत तथ्य असू शकतं. सांडपाणी शुद्ध करायला वीज लागते, रसायनं लागतात, माणूस लागतो, आणि पावसाळी नाल्यात सोडलेलं पाणी काही मिनिटांत वाहून जातं. पण रात्रीच्या वासाला आणखी एक कारण आहे, ते कोणाच्या लबाडीचं नाही. थंडीत जमीन सूर्यास्तानंतर भराभर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. दिवसा वर उडून जाणारा धूर आणि वायू मग घरांच्या उंचीवरच रेंगाळतात. म्हणजे चिमणीतून दिवसभर तेवढंच बाहेर पडत असलं, तरी रात्री दोन वाजता ते उशाशी येतं.

आता त्या वासाची तक्रार करून पाहा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय शहरात आहे, फोन घेतला जातो, अधिकारी येतोही. पण वास म्हणून वासाला आपल्याकडे कायदेशीर मर्यादाच नाही. केंद्रीय मंडळानं २००८ मध्ये दुर्गंधीबद्दल मार्गदर्शिका काढली, तिच्यावरून खटला उभा राहत नाही. शिवाय नाक हे साक्षीला फार कच्चं इंद्रिय आहे. सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य प्रमाणात नाकाला कळतो, पण प्रमाण धोकादायक झालं की घ्राणशक्तीच बधिर होते. वास जाणवेनासा झाला म्हणून हायसं वाटावं, नेमकी तीच वेळ पळ काढायची असते. आणि रोजच्या वासाचं म्हणाल, तर पाहुणा आला की घरच्यांना आठवण होते.

पाण्याच्या नमुन्याची रीत एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. १९७४ च्या जल कायद्याचं एकविसावं कलम ती ठरवून देतं. मंडळाचा अधिकारी नमुना घ्यायच्या वेळी तिथल्या तिथे कारखान्याच्या ताबेदाराला नोटीस देणार. त्याच्या देखत नमुन्याचे दोन भाग करणार. दोन्ही कॅन सीलबंद होणार, त्यांवर खूण होणार, अधिकाऱ्याची आणि ताबेदाराची सही होणार. मग एक कॅन मंडळाच्या प्रयोगशाळेकडे. यातली पायरी चुकली, तर त्या अहवालाला न्यायालयात पुरावा म्हणून किंमत नाही. आरोपीवर अन्याय होऊ नये म्हणून ही काळजी घेतली आहे आणि ती घ्यायलाच हवी. पण हिच्यात वस्तीतल्या बाईला कुठेच जागा नाही. पहाटे चार वाजता नाल्यातलं तांबूस पाणी तिनं बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला, तारीख-वेळ दाखवली; कायद्याच्या दृष्टीनं ती बाटली म्हणजे निव्वळ बाटली. अधिकारी अकराला येतो तेव्हा नाला कोरडा असतो.

भूजलाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. इथलं पाणी वाळूत साठल्यासारखं सरसकट पसरत नाही, ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. म्हणून एका शेतातल्या बोअरचं पाणी पिवळं येतं आणि बांधापलीकडच्या विहिरीचं नितळ. पिवळं पाणी आलं की लोक म्हणतात कंपनी, आणि क्रोम प्लेटिंगचं धुणावळीचं पाणी खरोखर पिवळं असतं. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पण पातेल्यात पाणी उकळल्यावर तळाशी पांढरा थर जमला, तर त्याचा दोष दर वेळी कारखान्याला देता येत नाही, या खडकातलं पाणी मुळातच जड. कंपनीचा वकील ही शंका बरोबर पकडतो. कुठल्या भेगेतून कोणाचं पाणी कुठल्या बोअरला लागलं, हे ठरवायला निरीक्षण विहिरी, वर्षानुवर्षांचे नमुने आणि भूगर्भतज्ज्ञ लागतात. ते सगळं एका ग्रामपंचायतीनं जमवायचं का?

त्या वस्तीत पिण्याचं पाणी तरी येतं का, हाही प्रश्न आहेच. जायकवाडीचं पाणी एमआयडीसीच्या स्वतंत्र नळानं कारखान्यांना मिळतं, शहरातल्या नळाला मात्र कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं. २०१६ च्या दुष्काळात हे इतकं डोळ्यांवर आलं, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश द्यावा लागला. तेवढ्यापुरती देशभर बातमी झाली. पाऊस पडल्यावर बातमी संपली.

कारखान्याच्या आत काय चालतं हे सर्वांत नेमकं कोणाला ठाऊक असतं? ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, काम करणाऱ्या माणसाला. कोणता पंप बंद असतो, कोणत्या वारी लॉगबुकात आकडे भरले जातात, बायपासचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे त्याला पाठ असतं. तो बहुधा ठेकेदाराकडचा असतो. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात एक प्रकरण वाढवलं गेलं. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या रहिवाशांनाही देणं त्यानं मालकावर बंधनकारक केलं. धोका समोर दिसला तर व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला सावध करण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. तो बजावणाऱ्या ठेकेदारी कामगाराचं दुसऱ्या दिवशी गेटवर काय होतं, ते सांगायला कलम लागत नाही. पंचिंग कार्ड चालत नाही, एवढंच.

म्हणून खोलीत भांडण होतं ते नवरा-बायकोचं. पोराचा खोकला थांबत नाही, पाणी विकत आणावं लागतं, तिचं म्हणणं अर्ज द्यावा. तो म्हणतो, नाव कशाला घालतेस अर्जावर. दोघांचंही बरोबर आहे. घरमालक तिसरा. त्याच्या खोल्यांचं भाडं कंपनीच्या जिवावर येतं, त्यामुळे वासाबद्दल तो शेतकरी म्हणून चिडतो आणि घरमालक म्हणून गप्प बसतो. सरपंचाचं टँकरचं काम असतं, त्याच्या भावाचं लेबर काँट्रॅक्ट. कोणी विकला गेलेला नाही. सगळे नुसते गुंतलेले आहेत.

जपानमधल्या मिनामाता गावाची गोष्ट आपल्याकडे पाऱ्याच्या विषबाधेची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं दुसरंच प्रकरण महत्त्वाचं वाटतं. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यामुळे झालेला आजार १९५६ मध्ये उघड झाला, सरकारनं कारण मान्य करायला १९६८ उजाडलं. मधली बारा वर्षं गाव कंपनीच्या बाजूनं होतं, कारण गाव कंपनीवर जगत होतं. आजारी पडलेल्या मच्छीमारांना शेजाऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखं वागवलं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीतल्या कामगार संघटनेनं जाहीर ठराव केला, की आपण या रुग्णांसाठी आजवर लढलो नाही ही आपल्याला लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. बोनस, पगारवाढ, कायम नोकरी हे सोडून संघटनेनं कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या माणसासाठी ठराव करणं दुर्मीळच. वाळूजच्या संघटनांनी पगाराच्या करारांसाठी मोठे लढे दिले आहेत. भिंतीबाहेरचा नाला मात्र कुठल्या मागणीपत्रात जायचा?

आता नारेगाव. तिथे शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ पडत होता. विमानतळ जवळ, त्यामुळे घिरट्या घालणाऱ्या घारींचा विमानांना धोका, उन्हाळ्यात पेटणारा ढीग, पावसाळ्यात झिरपणारं काळं पाणी, मोकाट कुत्री, माशा. ताटावरून माशी हाकलत जेवायचं, आणि पोरांच्या लग्नाला स्थळ आलं तर ढिगाकडे पाठ करून पाहुण्याला बसवायचं. २००३ पासून प्रकरण न्यायालयात होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये लोकांनी गाड्या अडवल्या, पालिकेनं चार महिने मागितले, लोकांनी ते दिले. चार महिन्यांत काही झालं नाही. म्हणून १६ फेब्रुवारी.

रोजचा चारशे टनांहून जास्त कचरा जाणार कुठे? पालिकेनं गाड्या एकेका जागी वळवल्या आणि जिथे वळवल्या तिथे विरोध झाला. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, घरांत घुसून मारल्याचे आरोप झाले. तेव्हाच खंडपीठानं नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. मग सरकार जागं झालं. कचऱ्यासाठी पंचसूत्री आली, निधी आला, चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रिया केंद्रं ठरली. नारेगावचा जुना डोंगर त्यानंतरही वर्षानुवर्षं तिथेच होता, पण त्यावर नवी गाडी रिकामी झाली नाही.

या आंदोलनात काय वेगळं होतं? प्रदूषण करणारी महापालिका होती. तिच्या कचऱ्यावर मांडकीच्या शेतकऱ्याचं पोट नव्हतं. पुरावा सीलबंद करायची गरज नव्हती, तो गाडी भरून समोरून येत होता. आणि अडवायचा रस्ता एकच होता. वाळूजमध्ये यातलं काहीच नाही. शेकडो कंपन्या, शेकडो नाल्या, आणि रस्ता अडवला तर आपलीच कंपनीची बस अडते.

अर्थात नारेगावातही पोट असलेली माणसं होती. ढिगावर प्लास्टिक, भंगार वेचणाऱ्या बाया तिथल्याच. गाड्या थांबल्या त्या दिवसापासून त्यांची कमाई थांबली. आंदोलनाच्या व्यासपीठावर त्या नव्हत्या आणि नंतरच्या आराखड्यांतही त्यांच्यासाठी जी जागा निघाली ती तोकडी. जिंकलेल्या लढ्याची ही बाजू आपण सांगत नाही.

हेच गणित इतरत्रही दिसतं. तारापूरच्या कारखान्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कोण गेलं? मांगेला समाज परिषद. म्हणजे मच्छीमार, ज्यांची कमाई समुद्रात, कारखान्यात नाही. त्यांच्या अर्जावर कंपन्यांवर कोट्यवधींची पर्यावरण भरपाई बसली. डोंबिवलीत २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा आवाज उठवणारे बहुतेक सकाळची लोकल पकडून मुंबईत नोकरीला जाणारे. आपल्याकडेही चिकलठाणा एमआयडीसीच्या कडेला सिडको एन-१ सारखी सुस्थित वस्ती आहे, वसाहतीतच मॉल आले, फ्लॅट आले. तिथला रहिवासी वासाबद्दल थेट बोलतो. शेजारच्या ब्रिजवाडीतला कामगार जपून बोलतो. सुखना नदीच्या खालच्या अंगाचा शेतकरी तर त्या पाण्यावर पीक घेतो आणि त्याच पाण्याला शिव्या देतो, कारण उन्हाळ्यात नदीत दुसरं पाणीच नसतं.

खाम नदीचं काम या शहरात गेल्या काही वर्षांत खरोखर चांगलं झालं. महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक उद्योगाचं प्रतिष्ठान एकत्र आले. काठावरचा कचरा निघाला, झाडं लागली, लोक फिरायला येऊ लागले आणि २०२४ च्या डब्ल्यूआरआय रॉस पारितोषिकाच्या अंतिम फेरीत हे काम पोचलं. मी त्याची टिंगल करणार नाही. फक्त एवढं नोंदवतो, की काठ साफ करायला सगळे एका मंडपात येऊ शकतात, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तोट्या मोजायला येत नाहीत. खाम पुढे वाळूजच्या अंगानं जाऊन जायकवाडीच्या नाथसागराच्या पाण्याला मिळते आणि ते पाणी पंपानं परत शहराच्या नळात येतं.

कायद्यात हत्यारं नाहीत असं मात्र नाही. जल कायद्यानुसार मंडळानं दिलेल्या संमतींची नोंदवही ठेवावी लागते आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. कोणत्या कंपनीला रोज किती सांडपाणी सोडायची मुभा आहे, किती पुनर्वापर करायचं आहे, चिमणी किती उंच हवी, हे त्या संमतीपत्रात आकड्यांत असतं. साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः फौजदारी तक्रार करू शकतो. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. मुदत मात्र सहा महिन्यांची, आणि ती कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात. वीस वर्षं वास सहन केलेल्या वस्तीला ‘पहिल्यांदा’ कधी, हे सांगताना वकील लागतोच. दुसरीकडे, २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं हवा कायद्यातली तुरुंगाची तरतूद बहुतांशी काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात पंधरा लाख कुठल्या रकान्यात जातील, ते लेखापाल सांगेल.

या हत्यारांना धार येते ती तक्रारदाराचं नाव झाकता आलं तर. अर्ज एकट्यानं न देता सोसायटीच्या, ग्रामसभेच्या किंवा महिला बचत गटाच्या लेटरहेडवर दिला, तर गेटवर कोणाचं कार्ड बंद करायचं हे ठरवणं अवघड जातं. ग्रामसभेचा ठराव गेला, तर मंडळाला उत्तर द्यावं लागतं. आणि वासाची वही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कसला वास, किती वेळ, एवढे पाच रकाने वेगवेगळ्या दहा घरांनी एकमेकांना न विचारता तीन महिने भरले, तर कोणत्या दिशेनं आणि कोणत्या पाळीला वास येतो ते दिसू लागतं. न्यायालयात तो नमुना नव्हे, पण अधिकाऱ्याला अकरा वाजता न येता पहाटे तीनला ये, असं सांगायला तेवढं पुरतं.

शहराच्या दुसऱ्या अंगाला शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक हे नवं औद्योगिक शहर वसतं आहे. बिडकीनमध्ये विजेवरच्या गाड्यांचे मोठे प्रकल्प जाहीर झाले आहेत. आराखड्यात हिरवे पट्टे आहेत, सांडपाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून आहेत, निवासी भाग वेगळा रंगवलेला आहे. वाळूजच्या नकाशाच्या मानानं हा नकाशा शंभर पटींनी शहाणा. पण तिथेही ठेकेदारी कामगार येणार, त्याला दोन-तीन हजारांत खोली लागणार, आणि नकाशाच्या रेघेबाहेर पैठण रोडच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक आधीच लागलेले आहेत. हप्ते सोपे, सातबारा सामाईक.